कालवण कसलं करू?

रत्नागिरी, सोमवार

ती. बाबा,
तुम्हाला आणि आईला नमस्कार.

वसतिगृहात मी मजेत आहे. जेवण बरं असतं, फक्त आमटीला आपल्या घरची चव नाही. धाकट्या शिवाचा खोकला गेला का?

कॉलेजात लेखनाचा वर्ग सुरू झालाय. मासेमारीला निघालेल्या माणसाला घरचे निरोप देतात तो प्रसंग लिहायचा होता. मी तुमच्यावरच लिहिलं. त्यात आई रडत म्हणते, "कधी येणार? जपून जा हो." मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरी खरंच असं बोलतात?"

आधी मला रागच आला. मग पटलं. आपल्याकडे समुद्रावर निघालेल्याला कुठे, कधी, असं विचारतच नाहीत. आई डबा भरताना एवढंच म्हणते, "संध्याकाळी कालवण कसलं करू?" तुम्ही "बांगड्याचं कर" म्हणता आणि निघता. मी तेवढंच पुन्हा लिहून दिलं. या खेपेला मॅडमनी एकही शब्द खोडला नाही.

आई फोनवर म्हणाली, वारा चढलाय तरी तुम्ही रोज होडी काढताय. मी काही विचारत नाही. शनिवारी मी घरी येतेय, रांधणार मीच.

बाबा, कालवण कसलं करू?

तुमची,
सलोनी