चोकला बांधलेला दोरा

गुरुजी,

गुरुवारी तुमची गाडी मी नापास केली. काल पुन्हा केली. एवढं लिहून मी दोनदा खुर्चीवरून उठलो, एकदा रिक्षा तपासायला आणि एकदा काही कारण नसताना. आज शनिवार आहे, दुपार आहे, ऊन पत्र्यावर उतरलंय आणि मला एका जागी बसवत नाही. अक्कलकोट रस्त्याला माझं पीयूसीचं केंद्र आहे. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, धूर मोजायचं मशीन, संगणक आणि देवाचा फोटो. गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, पडद्यावर आकडा येतो, मर्यादेत असला तर प्रमाणपत्र छापून द्यायचं. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. खरं तर त्याच्या आधीची आठ वर्षंही मी तुमच्या घराची पायरी चढलो नव्हतो. त्याचं कारण पुढं लिहितो, लिहिता आलं तर.

गुरुवारी सकाळी शुक्रवार पेठेतून काकू स्वतः गाडी चालवत आल्या. सत्तरीला टेकलेली बाई, मांडीवर पिशवी, दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट. निवृत्तीनंतर तुम्ही त्यांना गाडी शिकवलीत हे मी ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. कागदावर तुमचं नाव वाचलं आणि माझा हात थांबला. मी म्हणालो, काकू, मी गुरुजींचा विद्यार्थी. इतक्या वर्षांनी त्यांनी मला ओळखलं नाही, म्हणाल्या, सांगोल्याकडचा जो भेटतो त्यो ह्यांचाच विद्यार्थी असतो. मग त्यांनी अडचण सांगितली. गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती आणि नूतनीकरणाला पीयूसी लागतं. पुण्याचा मुलगा म्हणत होता, शनिवारपर्यंत कागद झाला तर ठीक, नाही तर सोमवारी गाडी भंगारात. आजवर पुतण्या कुठूनतरी कागद घरी आणून द्यायचा, आता गाडी समोर उभी करून फोटो काढावा लागतो. काकूंना या गाडीतून दर पंधरा दिवसांनी सांगोल्याच्या बाजूला बहिणीकडं जायचं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "यष्टीनं बी जाता येतंय. पन ही ग्येली की माझं मी कुटं जायाचं राहिलं न्हाय."

मी नळी घातली. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. इंजिन तापू दिलं, पुन्हा घातली, तेच. मी केंद्र टाकण्याआधी बरीच वर्षं गॅरेजमध्ये काढली आहेत, म्हणून म्हणालो, गाडी ठेवून जा, मी बघतो. प्लग काढून घासले, एअर फिल्टर नवा बसवला, कार्ब्युरेटर खोलून धुतला. काल काकू पुन्हा आल्या, पुन्हा नापास. मागं थांबलेला रिक्षावाला कंटाळून रांगेतल्या एका नव्या गाडीकडं बोट करून म्हणाला, "त्या नव्या गाडीला नळी लावा की मालक. मशीनला काय नाव-गाव कळतंय व्हय?" मी खोटं का बोलू, माझी नजर त्या नव्या गाडीकडं गेली होती. पण काकू काच खाली करून त्याला म्हणाल्या, "मग पास हिला म्हनायचं का तिला?" रिक्षावाला हसला. मला हसू आलं नाही.

आज सकाळी काकू तिसऱ्यांदा आल्या. सायलेन्सरच्या तोंडात मी बोट फिरवलं, ते काळंकुट्ट होऊन आलं, आणि गुरुजी, मी सहावीच्या वर्गात उभा आहे. तुम्ही भर दिवसा कंदील पेटवलाय. धूर म्हणजे काय, असं विचारलंय आणि मी शेजाऱ्याच्या वहीत बघून सांगितलंय, जळून गेलेलं तेल. तुम्ही ओल्या फडक्यानं कंदिलाची खालची भोकं झाकता, ज्योत लाल होते, काच काळी पडायला लागते. काच निवल्यावर माझं बोट तिच्यात फिरवून ते माझ्याच कपाळाला टेकवता. म्हणता, न जळालेलं तेल आहे हे. हवा कोंडली की असं होतं. दुसऱ्याचं उत्तर सांगशील तर असाच बुक्का लागेल. वर्ग हसतो. मी कपाळ पुसत नाही, तसाच घरी जातो.

हवा कोंडली होती हे मला कालच कळायला हवं होतं. फिल्टर तर नवा होता, मग जुन्या गाडीत हवा कोंडणारी वस्तू एकच उरते, चोक. थंडीत गाडी सुरू करताना त्याची मूठ बाहेर ओढायची आणि मग आत ढकलायची, नाही तर पेट्रोल जास्त, हवा कमी. ती मूठ मला दोन दिवस दिसत होती. तिच्यामागं लाल दोऱ्यांचा अंगठ्याएवढा जाड गुंडा होता, दर दसऱ्याला पूजेनंतर एक वेढा वाढत गेलेला. गाडीत बसताना मी त्याला हात लावून कपाळाला लावत होतो. ज्याला नमस्कार केला त्याच्याकडं मी पाहिलंच नाही. आज मूठ दाबली तर ती अर्ध्यातच अडली. गुंडा तिला आत जाऊ देत नव्हता.

मी काकूंना विचारलं. देवाचा दोरा आहे, तोडू का? त्यांनी गुंड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "वरचं माझं हाय, ते तोड. आतलं ह्यांचं हाय. ते नीट सोडव." मी ब्लेडनं लाल वेढे कापत गेलो. सगळ्यात आत काळा दोरा निघाला. लोकरीचा, हातानं पिळलेला.

गुरुजी, तो माझ्या आईनं आमच्या मेंढ्यांच्या लोकरीचा पिळला होता. वीस वर्षांपूर्वी तुम्ही ही गाडी जुनी विकत घेतलीत तेव्हा गावच्या देवाच्या पायाला लावून मी आणला आणि हाताशी आली त्या मुठीला बांधला. तुम्ही देव मानत नव्हतात, मला ठाऊक होतं. तुम्ही हसून चारचौघांत म्हणालात, "दोऱ्यावर गाडी चालती व्हय? मग पेट्रोल कशाला घालू?" सगळे हसले. माझं वय अठ्ठावीस होतं, पण कपाळाला पुन्हा काजळी लागली असं वाटलं. मी चहा न घेता निघालो तो निघालोच. माझी खात्री होती, माझी पाठ वळल्यावर तुम्ही तो तोडून टाकला असेल.

काकू सांगत होत्या, आणि मी मान खाली घालून गाठ सोडवत होतो. "मी इचारलं हुतं, तुमी तर मानत न्हाय, मग ठिवलाय कशाला? तर म्हनाले, माझ्या एका पोराची श्रद्धा हाय. माझी असती तर तोडला असता. आनि म्हनायचे, ते पोरगं परत येनार हाय, तवा दिसाय पायजे."

गाठ माझीच होती, तरी सुटायला वेळ लागला.

चोक पूर्ण आत गेला. इंजिनाचा आवाज बदलला, निवळला. कार्ब्युरेटर थोडा जुळवून नळी घातली आणि आकडा मर्यादेच्या आत आला. प्रमाणपत्र छापून काकूंना दिलं, त्यांनी ते दोनदा वाचून पिशवीत ठेवलं. एक नवा लाल दोरा मी आरशाच्या दांडीला बांधून दिला, तिथं तो कुणाचा श्वास अडवत नाही. जाताना त्यांनी विचारलं, त्यो काळा कुटं ग्येला? मी म्हणालो, जीर्ण झाला होता काकू, तुटला.

तो तुटला नव्हता. माझ्या शर्टच्या खिशात आहे, लिहिताना हात सारखा तिकडंच जातोय. ते परत येणारं पोरगं मीच, हे मी त्यांना सांगितलं नाही. शुक्रवार पेठ इथून वीस मिनिटांवर आहे, आणि ज्यांच्या पाठीवर हे लिहितोय ते नापासाचे दोन कागदही आता भरत आले. मशीनसमोर मी तुमची गाडी खरी पास केली, गुरुजी, आणि पुढच्याच मिनिटाला तुमच्या बायकोशी खोटं बोललो. कपाळाला हात लावून पाहिला आत्ता. बोटाची काजळी सकाळपासून धुतलेली नाही.