उंचवट्याची शेपटी

मंगळवार, संध्याकाळ
हॉस्टेल, यवतमाळ

ती शेपटी डोळ्यांसमोरून हलत नाही. द्रावणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या आलेखावर माझ्या औषधाचा उंचवटा सुरेख येतो, पण उतरता उतरता, अगदी शेपटीजवळ, तिथला वर्णपट, म्हणजे प्रकाश शोषण्याची छाप, शेंड्यावरच्या वर्णपटाशी जुळत नाही. औषधाच्या आड आणखी काहीतरी लपलं आहे. सॉफ्टवेअरनेही सकाळी ‘शुद्ध नाही’ असंच सांगितलं.

गाईड सर म्हणाले, "द्रावण पातळ करून टाक ना. कायले एवढं डोकं लावून राह्यली?"

केलं पातळ. लगेच ‘शुद्ध’, हिरव्या अक्षरांत. पण का? पातळ द्रावणात औषधाची आणि भेसळीची खूण क्षीण होते, त्या मानाने यंत्राची खरखर मोठी ठरते आणि खरखरीपायी सॉफ्टवेअर वर्णपटांतला जास्त फरक माफ करतं. भेसळ गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. सरांना हे माहीत नसेल? असेलच.

रूममेट वैशाली म्हणाली, "तुले त नवऱ्यातही भेसळ दिसन वं!" मला हसूच आलं नाही.

शुद्ध म्हटलं तर प्रबंध याच महिन्यात जातो. नाही म्हटलं तर औषध तपासायची पद्धत पुन्हा पहिल्यापासून बसवायची, म्हणजे हे वर्ष गेलं. त्यातच राळेगावहून बाबांचा फोन. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

"यंदा होते ना वं माय पुरं? लोक इचारून राह्यले."

मी हो म्हणाले.

उद्या सरांपुढे सकाळचाच आलेख ठेवणार आहे, शेपटीवर बोट ठेवून. म्हणजे आज बाबांशी खोटं बोलले.