निळ्या खात्यातला लाल रुमाल

सोमवार, ६ जानेवारी २०२५

"ताई, तुमी शिकलेल्या. सांगा, माजा घाम कंच्या रंगाचा?" भिकाकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं. सगळे खो खो हसले. तारापूरच्या या रंगाच्या कारखान्यात काका सतरा वर्षं लाल खात्यात आहेत. घाम लाल, नखं लाल, थुंकीसुद्धा लाल. निळ्या खात्यातले निळं थुंकतात.

मी प्रथमोपचार खोलीत रुजू झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर. आईने आज शिरगावात सुकट विकताना गिऱ्हाइकांना माझंच पुराण ऐकवलं असणार.

नियम पाठ केले. मोबाईल फाटकावर ठेवायचा. माझ्या खोलीतली भिंतीवरची सायरनची कळ फक्त वायुगळतीसाठी. सायरन वाजला की दहा मिनिटांत रुग्णवाहिका येते. खोटा वाजवला तर नोकरी गेली.

गुरुवार, ९ जानेवारी

भिकाकाका खोकत आले. रुमालावर लाल ठिपके, आवाज बसलेला. पाठीत, खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये कुरतडल्यासारखं दुखतंय म्हणाले. आमचे व्यवस्थापक धर्मेशसर दारातूनच म्हणाले, लाल खात्यातला माणूस काय हिरवं खोकणार? नोंदवहीत 'रंग' लिहा.

मी लिहिलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सरांनी तिळगूळ वाटला. काकांचा खोकला थांबलाय. "बगा, धुऊन निगाला!" म्हणाले. आवाज मात्र अजून घोगरा. मी सरांच्या मागे लागून त्यांची बदली निळ्या खात्यात करून घेतली. काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

शनिवार, १८ जानेवारी

चार दिवस निळं काम. काकांचे हात निळे, कान निळे, पापण्या निळ्या. आज खोकले.

रुमाल लाल.

निळ्या खात्यात लाल कुठून आलं, हे सरांना विचारलं. जुना रंग असेल म्हणाले. वर हेही, की संक्रांत नुकतीच झालीय, जरा गोड बोलायला शिक. मी खोलीत परत आले.

रविवार, १९ जानेवारी

काकांना पालघरला नेलं. स्कॅन झालं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, फुग्यासारखी फुगलीय. श्वासनलिकेला घासून तिथेच झिरपतेय. डॉक्टर म्हणाले, थांबलं म्हणून फसू नका. हे रक्त आधी थोडं येऊन थांबतं. मग एकदाच येतं. आजच्या आज मुंबईला न्या.

काका ऐकेनात. विम्याचं कार्ड सरांच्या कपाटात आहे, ते घेतल्याबिगर जायाचा नाय. "थांबलंय ना, ताई. उद्या नक्की."

आणि मी ऐकलं. डॉक्टरांचं सोडून काकांचं ऐकलं.

सोमवार, २० जानेवारी

काका सकाळपासून सरांच्या दाराबाहेर उभे. सर मीटिंगमध्ये. दोन तास. एका कार्डासाठी!

अकरा वाजता — रुमाल पुरला नाही.

माझ्या खोलीत निजवलंय. बाहेर लागणारा फोन सरांच्या टेबलावर. धावत गेले. सर म्हणाले, शिफ्ट सुटू दे, रंगासाठी कोणी रुग्णवाहिका बोलावत नाही —

रंग!

नोंदवहीतला माझा तो शब्द खोडला. शाईने लिहिलं, रक्त. खाली सही केली. मोनाली, बी.एस्सी. ती वही उद्या फाडतील, म्हणून इथेही लिहितेय. डाव्या हातात काकांचा हात. निळा. गार पडत —

ते ओठ हलवतायत. घाम — कंच्या —

बाहेर सगळे पळतायत. सर दार ठोकतायत, कोणी वाजवला सायरन, कुठे आहे गळती —

मी वाजवला, सर. गळती आहे. वायूची नाही, भिकाकाकांच्या रक्ता —