तारिहाळची जेवणाची सुट्टी

धारवाड, गुरुवार संध्याकाळ

सूनबाई मीनाक्षीच्या पीएच.डी.चं आज काहीतरी हललं. तारिहाळच्या कारखान्यातल्या बाया बोलत नाहीत, आणि मुलाखती नाहीत तर विषय बदला, असं गाइडनी सांगितलेलं. आज सोबतीला मला नेलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं रेकॉर्डिंगला मोबाईल ठेवला आणि बाया पुन्हा गप्प.

मी कडेला बसून सवयीनं शाळेतली कन्नड कविता पुटपुटत होतो. दुसरं कडवं आठवेना. यल्लव्वा नावाची बाई हसली. "काय अज्जा, विसरलात? माझी शाळा पाचवीत सुटली, तरी मला येते!" तिनं वर्गातल्याच चालीत म्हटली, बाकीच्याही मिसळल्या. मग शाळा का सुटली, ते आपसूक निघालं. यल्लव्वाचे डोळे भरले, तशी मीनाक्षीनं मोबाईल बंद करून पिशवीत टाकला.

हातात आलेलं असं सोडतं का कोणी? बसमध्ये विचारलंच.

"अप्पा, आज ती माझ्याशी बोलत होती, प्रबंधाशी नाही. लिहू का म्हणून उद्या विचारीन."

मोबाईल बंद करणारी ही मुलगी आपल्या घरात आली. बरं वाटलं, फार.

उद्या यल्लव्वा आम्हा दोघांसाठी भाकरी आणणार आहे. म्हणजे विषय बदलायला नको, असं मी तरी धरून चाललोय.