फाटकाचे खांब आणि ग्वाल्हेरचा मुक्काम

स्नेहलतागंज, इंदूर
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थस्वरूप सौ. भानुताईस,

धाकट्या श्रीपादचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत (माझी पाठ सोडून, तिचं पुढे येईलच). तुझी आणि दाजींची प्रकृती कशी आहे? दाजींचा खोकला गेला असेल, आणि नसेल तर आम्ही येईपर्यंत निदान थोडा उतरला असेल, अशी आशा आहे.

पत्राला उशीर झाला, कारण मी फाटकाचे खांब बांधतो आहे. मध्यभारत झाल्यापासून आमचं सरकार उन्हाळ्यात इंदुरात आणि थंडीत ग्वाल्हेरला असतं, सरकारबरोबर फायली जातात, फायलींबरोबर मी, आणि माझ्याबरोबर इंदुमती. दर वर्षी वळकट्या घेऊन तिथं तुझ्या दारात येऊन पडतो, हे तुला मी सांगायला नको. गेल्या थंडीत आम्ही तिकडे असताना गवळ्याची गाय आवाराच्या भिंतीत समोर राहिलेल्या मोकळ्या जागेतून आत आली आणि इंदुमतीचा अळू, पपईची रोपं, जास्वंद, सगळं फस्त करून गेली. (तुळस तेवढी ठेवली. गाय धार्मिक असावी.) तेव्हापासून हिनं एकच धरून ठेवलं आहे, की फाटक लागून कडी पडल्याशिवाय ती इंदूर सोडणार नाही, मी खुशाल एकट्यानं जावं.

फाटक मी महूच्या छावणीतल्या लिलावात घेतलं. चांगलं लोखंडी आहे, दोन माणसांना उचलत नाही. राहिले खांब. गवंडी लावता आला असता, पण विटेवर वीट ठेवायची, मधे पोकळी राखायची आणि ती विटांच्या रोड्यांनी भरायची, यात शिकण्यासारखं काय आहे, असं मी हिच्यासमोर बोलून गेलो. त्यानंतर गवंडी लावायची सोय राहिली नाही.

आखणीच्या दिवशी शेजारचे प्रतापराव आले. यांचे आजोबा होळकरांच्या घोडदळात होते. स्वतः प्रतापराव सायकल बाळगतात आणि तीही बहुधा ढकलत नेतात. ते म्हणाले, “देखो भिया, फाटकातून घोडा सीधा आत आला पाहिजे, तिरपा नाही.” आमच्याकडे घोडा येण्याचा संभव नाही, हे मी नम्रपणे सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी माझ्या हातातली दोरी घेऊन स्वतःच खुंट्या ठोकल्या. म्हणून आपलं फाटक घोड्याच्या मापाचं आहे.

पहिला खांब मी एका रविवारात छातीएवढा उचलला. ओळंबा लावून पाहिला तर अगदी सरळ. मला इतका आनंद झाला की तिन्हीसांजेच्या आत पोकळीही भरून टाकली: विटांचे तुकडे, वर पातळ चुना, पुन्हा तुकडे. (तुकडे कमी पडले तेव्हा तू दिलेली लोणच्याची बरणी घातली. ती तडकलेली होती, असं मला वाटलं. नव्हती, असं ही म्हणते.) भर घालण्याआधी बाहेरच्या विटांचा चुना धरू द्यायचा असतो, हे मला खांबानंच सांगितलं. दिवे लागले तोवर त्याला रस्त्याच्या बाजूनं पोट सुटलं होतं. वळकटीच्या दोरीनं त्याला आवळून बांधला, तो अजून तसाच आहे. येणारेजाणारे चौकशी करतात.

दुसऱ्या खांबाला मी शहाणा झालो. विटांचा चुना चांगला धरू दिला, भर कोरडी घातली, ठोकून ठोकून बसवली, वर टोपी बांधली. तो खरोखर सुरेख झाला आहे. तू पाहशील तेव्हा डावीकडचा पाहा. मग चार माणसं बोलावून फाटक उभं केलं आणि त्यातल्या एकानं विचारलं, “बाबूजी, ये टंगेगा किस पे?” फाटक ज्यावर अडकवायचं ते लोखंडी आकडे विटांच्या थरातच बसवून घ्यायचे असतात. ते ओसरीवर, कागदात गुंडाळलेले, जिथं मी ठेवले होते तिथंच होते.

सध्या फाटक भिंतीला टेकून उभं आहे. गाय रोज येते. पूर्वी वाटेल तशी शिरायची, आता दोन खांबांच्या बरोबर मधून येते, आणि उजव्या खांबाच्या कोपऱ्याला मान घासून मग आत जाते. मी दोन्ही खांब थोडे फोडून आकडे बसवायच्या खटपटीत आहे. थंडी तोंडावर आली, कचेरीत पेट्या निघाल्या, आणि पाठीचं म्हणालीस तर ती आता माझी राहिलेली नाही.

दाजींना नमस्कार सांगावा. लोभ आहेच, तो आमच्या येण्याजाण्यानं कमी होऊ नये.

तुझा,
श्रीपाद

ता. क. – ताई, पत्राचं खरं कारण आता लिहितो. खांब वेळेवर होतील असं मला वाटत नाही. तुझ्याकडे मला काही कमी पडत नाही, पण हिच्याशिवाय अख्खी थंडी मला करमणार नाही. हे हिला सांगायची मला सवय नाही. तेव्हा तू आपल्या मनानंच लिहिल्यासारखं हिला पत्र लिही, की तुझे गुडघे धरले आहेत आणि इंदुमती आल्याशिवाय घर चालणार नाही. गुडघे चांगले असतील तर आम्ही येईपर्यंत दुखू दे. मी सांगितलं हे मात्र कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. – वन्सं, इंदुमतीचा नमस्कार. यांचे हात चुन्याचे, म्हणून पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं. मी येणारच आहे. ट्रंक भरून पलंगाखाली ठेवली आहे, आणि गाय बांधून ठेवायचं गवळणीनं कबूल केलं आहे. आकडे राहताहेत हेही मला दिसत होतं, मी बोलले नाही. एरवी कचेरी सुटली की हे राजवाड्यावर मित्रमंडळीत रमतात, घरी येतात ते जेवायला. हल्ली सरळ घरी येतात, आणि विटा भिजवता भिजवता माझ्याशी बोलत बसतात. लग्न झाल्यापासून एवढं बोलले नव्हते. मला फार बरं वाटतं आहे. तेव्हा गुडघ्यांचं पत्र लिहाच, पण घाई करू नका.