गंगाक्कांचा डबा

मंगळवार, संध्याकाळ

अजून हसू आवरत नाही. गंगाक्का कडक भाकरी विकतात. आमच्या कारखान्याचे आधीचे डबे त्यांनी नाकारले होते, आत भाकरी मोडते म्हणून. आज त्यांच्यासमोरच नवा गोल पुठ्ठ्याचा डबा भरून जिन्यावरून सोडला. गडगडत खाली गेला. हलवून पाहिला, तुकड्यांचा आवाज नाही! पण झाकण निघेचना. वरचा रंगीत कागद चिकटवायच्या आधीच झाकणाचं माप घेतलं मी, मग कागदाच्या जाडीने ते घट्ट बसलं. असं कसं केलं? शेवटी गंगाक्कांनी डबा मांडीत धरून हिसका दिला आणि भाकऱ्यांचा चुरा सगळ्यांच्या अंगावर. मी घाईने तो एका ताटलीत गोळा केला.

त्या मात्र चुरा दह्यात कालवत म्हणाल्या, "डबा पक्का केला. झाकण तेवढं ढिलं करा, न्हायतर गिऱ्हाईक डब्यासंगं मलाबी मागंल, उघडायला!"