मसलतीची खोली

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

पन्नाशी गाठलीस तरी मला ठमीच. तुला पोटभर आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण कुरकुरायला या घरात दुसरं आहे कोण? समोरच्या इमारतीला रंग देताहेत. दोरांवर लोंबकळत ती माणसं गाणी म्हणतात आणि मी काम सोडून ऐकत बसतो. काम कुठलं, ते मात्र विचारू नकोस.

तुझ्या आईच्या, माझ्या धाकटीच्या, पायाची सूज उतरली का? मोजे घालते का रात्री? तिला लहानपणापासून मोज्यांचा राग.

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, तू तिला बोलावलं होतंस का?" मी "छे गं" म्हणालो आणि हवापाण्यावर आलो. आज नीट सांगतो.

शाळेत असताना आम्ही दोघं भांडी घासत कविता म्हणायचो. पहिली ओळ मी, दुसरी ती. मी चुकलो की ओल्या हाताची चापट. तुझे बाबा गेल्यावर तुझ्या लेकीनं आम्हा दोघांना त्या संकेतस्थळावर खाती काढून दिली ना, तेव्हा मला तेच आठवलं. दोघांनी मिळून एक गोष्ट लिहायची, आपापलं पात्र आपण बोलतं करायचं, एक भाग माझा, एक तिचा. मी झालो पुलावरचा पहारेकरी. ती झाली कंदील विकणारी. वरून मला म्हणाली, "दादा, तुला उभं राहायचंच काम दिलंय. जन्मभर तेवढंच केलंस."

तिथं दोन खोल्या असतात. एकीत गोष्ट चालते. दुसरी मसलतीची, तिथं लिहिणाऱ्यांनी आपल्या नावानं बोलायचं. पुढं काय घडवायचं, कुणाला बरं नाही, कोण चार दिवस लिहिणार नाही, सगळं तिथं. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. मोठं काही घडवायचं तर आधी विचारायचं. मला ही रीत फार आवडली. खऱ्या संसारातही अशी एक खोली हवी होती, असं तुझ्या मामीच्या फोटोला मी सांगूनही टाकलं.

धाकटीचं डोकं मसलतीत भारी चालायचं. "दादा, तुझा पहारेकरी फार रडका झालाय. सारखा चंद्राकडे बघतो. त्याचं जरा पोट बिघडव." मी बिघडवलं. तिनं कंदिलासोबत ओव्याची पुडी पाठवली.

मग उन्हाळ्यात एकदा मी मसलतीत विचारलं, "धाकटे, पुढच्या भागात पूर आणू का?" उत्तर आलं, "पहारेकरी, धाकटी कोण?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. मीही थट्टेनं लिहिलं, "आहे एक भांडखोर." ती म्हणाली, "असेल. माझे कंदील विकायचे राहिलेत."

दुसऱ्या दिवशी फोन केला. तिनं फार अदबीनं सांगितलं, "आपला नंबर चुकलाय." ठमे, माझ्या बहिणीनं मला आयुष्यात पहिल्यांदा 'आपण' म्हटलं.

तुला हे सांगितलं नाही. तूही सांगत नव्हतीस. आईचं विसरणं 'वयोमानानं' म्हणून झाकत होतीस. आणि गोष्टीत ती शाबूत होती गं! रोज विचारायची, "पहारेकरी, आज उशीर केलास?" कुणीतरी मला ओळखत होतं. मसलतीची खोली ओस पडली, आणि मी पुलावर उभाच राहिलो.

गेल्या आठवड्यात गुरुवारी मी लिहिलं, "उद्या दुपारी ये. कंदील आण. पुलावर अंधार फार झालाय." वाक्य सुचलं म्हणून लिहिलं. चांगलं वाटलं, म्हणून दोनदा वाचलंही.

बाकीचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. टेबलावरचा दिवा वायरीसकट काखेत मारून, अनवाणी, त्या वाहत्या उड्डाणपुलाच्या तोंडाशी. तिथल्या पेट्रोलपंपावरच्या माणसाचे उपकार कसे फेडायचे? "आजी म्हणाल्या, पहारेकऱ्यानं बोलावलंय. मी म्हटलं, तो चहाला गेलाय, तुम्ही बसा खुर्चीवर." त्याच्याइतकी साधी अक्कल मला आली असती तर!

तू म्हणालीस, "मामा, लिहिणं थांबव." मी सहा दिवस गप्प राहिलो. थांबवलं तर मी तिचा कोण उरतो, एवढंच मनात घोळत होतं. आणि नुसतं गप्प बसून भागणार नव्हतं. ती त्याला शोधायला पुन्हा निघाली असती.

म्हणून काल सकाळी शेवटचा भाग लिहिला. मसलत न करता. कोणाशी करणार? पहारेकरी म्हणाला, "कंदीलवाले, पूल कायमचा बंद केलाय. आता इकडं कोणी यायचं नाही. तू घरीच राहा. तुझी लेक सांगेल तसं ऐक." तुझं ऐकत नाही, माझं तर नाहीच, त्याचं ऐकते.

जेवायच्या आत तिचं उत्तर आलं. "बरं. पण मग तू कुठं जाशील? तुझं कोणी आहे का?"

रंगवाले गात होते. मी खिडकी लावून घेतली.

लिहिलं, "धाकटी बहीण आहे."

"मग इथं काय करतोस वेड्यासारखा? जा तिच्याकडे. वाट बघत असेल."

त्यापुढं मी काही लिहिलेलं नाही. लेकीला सांगून दोन्ही खाती बंद करून टाक. आईनं विचारलं तर म्हण, तो बहिणीकडे गेला. खोटं होणार नाही.

रविवारच्या सकाळच्या गाडीनं निघतोय. न्यायला येऊ नकोस, आईला एकटं सोडू नकोस. आणि दार उघडल्यावर "दादा आलाय बघ" असं सांगू नकोस. ती आठवायला लागेल, सापडणार नाही, मग ओशाळेल. नुसतं म्हण, पाहुणे आलेत. पाहुण्यांशी ती फार छान वागते.

तुमच्या घरचा पाहुणा,
मामा